बिल्टी वाचावी कशी : मालवाहतुकीतील शब्द आणि त्यांमागचा हिशेब

संध्याकाळी सहाच्या सुमारास गाडीचा फाळका लागतो, ताडपत्रीवरचा शेवटचा रस्सा आवळला जातो आणि ट्रान्सपोर्टचा माणूस बिल्टीचे, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीचे, पुस्तक पुढे करतो. माल पाठवणाऱ्याचे सारे लक्ष गाडी वेळेत निघण्याकडे असल्यामुळे त्या कागदावर न वाचताच सही होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून कास्टिंगचा, म्हणजे ओतीव धातूच्या भागांचा, माल बाहेरगावी पाठवण्याचे काम मी अनेक वर्षे केले आणि सुरुवातीच्या काळात मीही अशाच सह्या केल्या. या कागदावरील जवळजवळ प्रत्येक शब्द पैसे कोणी द्यायचे आणि नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे हे ठरवत असतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. नव्याने माल पाठवू लागलेल्या लघुउद्योजकाला आणि डिस्पॅच विभागात नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींना ती पहिल्याच गाडीपासून ठाऊक असावी, यासाठी हे शब्द ज्या क्रमाने कामात समोर येतात त्याच क्रमाने येथे सांगत आहे.

गाडी ठरवताना

पहिला प्रश्न माणसांचा आहे. फोनवर दर सांगणारा गृहस्थ स्वतःला ट्रान्सपोर्टर म्हणवतो. परंतु तो गाडीचा मालक असेलच असे नाही. गाडी एकाची, ती मिळवून देणारा ब्रोकर दुसरा आणि बिल्टी फाडणारी कंपनी तिसरीच, असे नेहमी घडते. ब्रोकर आपले कमिशन घेऊन बाजूला होतो, गाडीमालक भाड्यापुरता बांधील राहतो आणि मालाची जबाबदारी मात्र ज्याच्या नावाची बिल्टी निघाली त्याच्याकडे जाते. म्हणून दर विचारण्याआधी ‘बिल्टी कोणाच्या नावाची निघणार?’ हे विचारावे. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ साली नवा कायदा झाला. १८६५ सालच्या जुन्या कायद्याची जागा घेऊन तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे सार्वजनिक वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते. ती आहे की नाही, हे विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

त्यानंतर येतात फुल लोड आणि पार्ट लोड. फुल लोडमध्ये संपूर्ण गाडी तुमची असते आणि ती तुमच्या दारातून निघून थेट घेणाऱ्याच्या दारात उभी राहते. पार्ट लोडमध्ये तुमचा माल इतरांच्या मालाबरोबर जातो. तो आधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो, तेथून मोठ्या गाडीत चढतो आणि वाटेत एखाद्या ठिकाणी पुन्हा दुसऱ्या गाडीत बदलला जातो. या बदलण्याला या व्यवसायात ‘क्रॉसिंग’ म्हणतात. प्रत्येक क्रॉसिंगला पेटी दोनदा उचलली जाते आणि दोनदा आपटण्याची शक्यता निर्माण होते. माझ्या अनुभवात पेट्या फुटण्याच्या आणि हरवण्याच्या तक्रारी रस्त्यावरच्या अपघातापेक्षा क्रॉसिंगमुळेच अधिक आल्या. पार्ट लोडने पाठवायच्या मालाचे पॅकिंग त्यामुळे फुल लोडपेक्षा एक पायरी मजबूत ठेवावे आणि प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव व ‘पैकी’ क्रमांक, म्हणजे ‘१२ पैकी ५’ असा, पक्क्या रंगाने लिहावा. चिकटवलेला कागद पावसाळ्यात आंबोली काय आणि कात्रज काय, कोठल्याही घाटात टिकत नाही.

भाडे सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. ‘उक्ते’ भाडे म्हणजे माल कितीही असो, गाडीचे ठोक पैसे. ‘टनावर’ भाडे म्हणजे वजनाप्रमाणे. मात्र त्याला बहुधा ‘गॅरंटी’ जोडलेली असते. समजा, दर टनाला १,८०० रुपये आणि गॅरंटी ९ टनांची आहे. तुम्ही साडेसात टन माल भरला तरी भाडे नऊ टनांचे, म्हणजे १६,२०० रुपये द्यावे लागेल. दर ऐकून आनंदलेल्या माणसाने गॅरंटी विचारली नाही, तर स्वस्त वाटलेली गाडी महाग पडते.

गाडीची भाषा चाकांत आणि फुटांत बोलली जाते. छोटा हत्ती, पिकअप, चौदा फुटी, एकोणीस फुटी, सहा चाकी, दहा चाकी, बारा चाकी, ट्रेलर हे शब्द कोणत्याही ट्रान्सपोर्ट नगरात ऐकू येतात. बत्तीस फुटी बंद कंटेनर सिंगल एक्सल आणि मल्टी एक्सल अशा दोन प्रकारांत मिळतो. एक्सल म्हणजे दोन बाजूंची चाके जोडणारा आडवा आस. बाहेरून दोन्हींची लांबी सारखीच दिसते. परंतु सिंगल एक्सल साधारण सात टनांपर्यंत आणि मल्टी एक्सल त्याच्या सुमारे दुप्पट वजन नेतो. कास्टिंगसारख्या जड मालासाठी फूट मोजून उपयोग नाही. तेथे ‘पासिंग’ विचारावे लागते.

पासिंग म्हणजे गाडीला कायद्याने किती माल नेता येतो तो आकडा. आरसी पुस्तकावर गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन आणि रिकामे वजन दोन्ही लिहिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा केले की पासिंग मिळते. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवली. चार टायर असलेल्या एका एक्सलवर पूर्वी १०.२ टनांची मुभा होती, ती ११.५ टन झाली. जोड एक्सलची १९ वरून २१ टन झाली. आणि सर्वांत मोठ्या जोडगाड्यांची एकूण मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. दोन एक्सलच्या साध्या सहा चाकी ट्रकला यामुळे मालासह १८.५ टनांपर्यंत परवानगी मिळाली. यापलीकडे भरलेली गाडी ओव्हरलोड समजली जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तिला २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याखेरीज ती पुढे सोडू नये असेही त्यात म्हटले आहे. ‘चालतंय हो, अजून एक टन बसेल’ असे म्हणणारा ड्रायव्हर आपल्या भल्यासाठी बोलत आहे असे वाटते. परंतु घाटात त्याचेच ब्रेक तापतात. त्याच्या जिवाचा विचार पाठवणाऱ्याने करायला हवा, कारण गाडी किती भरायची हे त्याच्या गेटमध्ये ठरते.

वजन : काट्यावरचे आणि बिलातले

वजनकाट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात. रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे टेअर, भरलेल्या गाडीचे म्हणजे ग्रॉस आणि दोहोंतील फरक म्हणजे निव्वळ किंवा नेट. दोन्ही वजने एकाच काट्यावर आणि शक्य असेल तर एकाच दिवशी करून घ्यावीत. डिझेलची टाकी मधल्या काळात भरली गेली, तर दीडदोनशे किलोंचा फरक सहज दिसतो आणि तो फरक मालाचा नसतो.

याहून अधिक भांडणे ‘चार्ज्ड वेट’ या रकान्यावरून होतात. पार्ट लोडच्या बिल्टीवर प्रत्यक्ष वजन आणि आकारलेले वजन असे दोन निरनिराळे रकाने असतात. हलका परंतु जागा अडवणारा माल गाडीत जितकी जागा खातो तितक्याचे भाडे ट्रान्सपोर्टर घेतो आणि त्यासाठी घनफुटाला अमुक किलो असा हिशेब लावतो. एक उदाहरण प्रत्यक्ष पाहू. फाउंड्रीतले लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्याचे नमुने, भरलेली एक पेटी चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. म्हणजे ती २४ घनफुटांची झाली. काट्यावर तिचे वजन ८५ किलो भरते. घनफुटाला १० किलो हा हिशेब ठरलेला असेल, तर बिल २४० किलोंचे येईल. यात फसवणूक झालेली नाही. पेटीने खरोखरच तितकी जागा घेतली आहे. मात्र हा १० चा आकडा सरकारने ठरवून दिलेला नाही. काही ठिकाणी तो ६ असतो, काही ठिकाणी ८. तो करारात लिहून घेण्याजोगा आहे, आणि पेटी दोन फुटांऐवजी दीड फूट उंचीची करता आली तर आकारलेले वजन ६० किलोंनी उतरते. विमानाने पाठवताना हेच गणित सेंटिमीटरमध्ये होते : लांबी, रुंदी व उंचीचा गुणाकार करून त्याला ६,००० ने भागले की किलो मिळतात.

बिल्टी

आता तो कागद. कोणी त्याला बिल्टी म्हणतात, कोणी एलआर, म्हणजे लॉरी रिसीट, कोणी जीआर, तर करखात्याच्या भाषेत ती कन्साइनमेंट नोट असते. सर्व एकच. पुस्तकातून तिच्या तीन-चार प्रती निघतात : एक पाठवणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक गाडीबरोबर जाणारी आणि एक ट्रान्सपोर्टच्या दप्तरी राहणारी. पाठवणारा तो कन्साइनर आणि घेणारा तो कन्साइनी. २००७ च्या कायद्यात बिल्टीच्या आधी आणखी एका कागदाची अपेक्षा आहे; तो म्हणजे माल सोपवताना पाठवणाऱ्याने स्वतः भरून व सही करून द्यायची फॉरवर्डिंग नोट. बरेच ट्रान्सपोर्टर तो मागत नाहीत आणि पाठवणारेही देत नाहीत. तो द्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण मालाची किंमत आणि स्वरूप आपल्या सहीने नोंदवण्याची संधी तेथेच मिळते.

भाड्याच्या रकान्यासमोर ‘पेड’, ‘टू-पे’ किंवा ‘टीबीबी’ यांपैकी एक शब्द असतो. पेड म्हणजे भाडे पाठवणाऱ्याने दिले. टू-पे म्हणजे माल सोडवताना घेणारा देईल. टीबीबी म्हणजे भाडे खात्यावर लिहून ठेवायचे आणि महिन्याच्या शेवटी बिल पाठवायचे. खरेदीदाराशी बोलणे ‘भाडे तुमच्याकडे’ असे झालेले असताना बिल्टीवर सवयीने ‘पेड’ पडले, तर ते पैसे परत मिळवायला पुढचे दोन महिने जातात. जीएसटीचाही येथे संबंध येतो. बिल्टी देणाऱ्या वाहतूकदाराला करकायद्यात जीटीए म्हणतात, आणि त्याने स्वतः कर आकारायचे निवडले नसेल तर भाड्यावरचा ५ टक्के कर नोंदणीकृत कारखान्याला स्वतःच भरावा लागतो. कोणत्या कारखान्याने? तर ज्याच्यावर भाडे देण्याची जबाबदारी आहे त्याने. म्हणजे पेड की टू-पे या एका शब्दाने भाड्याबरोबर करही इकडून तिकडे जातो.

मालाच्या वर्णनाच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘सेड टू कन्टेन’ असे छापलेले आढळेल. याचा अर्थ असा की, आम्ही बारा नग मोजून घेतले, त्यांच्या आत काय आहे ते पाठवणारा सांगतो म्हणून लिहिले, आम्ही उघडून पाहिलेले नाही. बारापैकी एक नग कमी पोहोचला तर वाहतूकदाराला उत्तर द्यावे लागते. परंतु पेटी सीलबंद पोहोचली आणि आतले दोन व्हॉल्व्ह कमी निघाले, तर या शब्दांआड तो उभा राहतो. बारीक व मौल्यवान सुट्या भागांच्या पेट्यांना पट्टी आणि क्रमांकित सील लावून तो क्रमांक बिल्टीवर लिहून घेणे हा यावरचा सोपा उपाय आहे. नगांची संख्या अंकांबरोबर अक्षरांतही लिहायला सांगावी.

यानंतर जो भाग येतो तो प्रत्येक पाठवणाऱ्याने दोनदा वाचावा. बिल्टीवर कोठेतरी ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का किंवा ‘एफओव्ही’ असा रकाना असतो. ओनर्स रिस्क म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची. या शिक्क्याने वाहतूकदाराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी धुऊन जात नाही. परंतु भरपाई किती मिळणार हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आहे. पाठवणाऱ्याने जादा जोखीम-दर देऊन मालाची किंमत जाहीर केलेली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपुरती मर्यादित राहते. आकड्यांत पाहू : माल ४,००,००० रुपयांचा आहे आणि भाडे ६,००० रुपये. संपूर्ण माल नष्ट झाला, तरी मर्यादा ६०,००० रुपयांची. उरलेले ३,४०,००० रुपये कोणाचे गेले हे सांगायला नको. मला हा नियम कळला त्या दिवशी मी आमच्या मालकांसमोर हाच हिशेब कागदावर मांडला आणि त्याच आठवड्यात विम्याची खुली, म्हणजे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाला लागू होणारी, पॉलिसी घेतली गेली.

एफओव्ही म्हणजे मालाच्या किमतीवर टक्केवारीने घेतला जाणारा जोखीम-आकार. पुष्कळ जण त्याला विमा समजतात. तो विमा नाही. तो वाहतूकदाराने स्वतःची जबाबदारी वाढवून घेण्यासाठी घेतलेला मोबदला आहे, आणि तो घेतल्यावर किती भरपाई मिळणार हे त्याच्या अटींत वाचावे लागते. विमा हा विमा कंपनीकडून वेगळा घ्यायचा असतो. देशांतर्गत रस्ता व रेल्वे वाहतुकीच्या विम्यात ए, बी आणि सी अशी तीन कलमे प्रचलित आहेत. सी मध्ये मुख्यतः आग आणि वीज यांचेच संरक्षण आहे. बी मध्ये गाडीची टक्कर, उलटणे आणि पूल कोसळणे यांसारखे नाव घेऊन सांगितलेले धोके येतात. ए हे सर्वांत व्यापक कलम आहे. चोरी, तूटफूट, नग कमी पोहोचणे हे त्यात येऊ शकते. ‘इन्शुरन्स आहे ना?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर म्हणून अपुरे आहे. कोणते कलम, हे विचारले पाहिजे.

बिल्टीचा आणखी एक उपयोग नव्या पिढीला फारसा माहीत नसतो. अनोळखी खरेदीदाराला माल पाठवताना घेणाऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव न लिहिता ‘सेल्फ’ लिहिले जाते आणि मूळ बिल्टी बिल व हुंडीसह बँकेमार्फत त्याच्या गावी पाठवली जाते. खरेदीदार बँकेत पैसे भरतो, बँक बिल्टीवर शेरा मारून ती त्याच्या हाती देते आणि ती दाखवल्यावरच त्याला गोदामातून माल मिळतो. यासाठी बँका सर्वसाधारणपणे इंडियन बँक्स असोसिएशनच्या मान्यताप्राप्त यादीतील वाहतूकदाराचीच बिल्टी स्वीकारतात. यातून बिल्टीसोबत मालाचा ताबाही कागदावरून चालतो हे लक्षात येईल. म्हणून मूळ बिल्टी टेबलावर पडू देऊ नये.

ई-वे बिल

बिल्टी हा पाठवणारा आणि वाहतूकदार यांच्यातला कागद आहे. ई-वे बिल सरकारसाठी आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून सुरू झाले आणि ५०,००० रुपयांवरील किमतीच्या मालाला ते लागते. महाराष्ट्राच्या आतल्या आत मात्र ही मर्यादा १ लाख रुपये आहे. भाग ‘ए’ मध्ये बीजक, किंमत आणि दोन्ही पक्षांची माहिती असते, तर भाग ‘बी’ मध्ये गाडीचा क्रमांक. मुदत भाग ‘बी’ भरल्यावर धावू लागते : १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक २०० किलोमीटरना किंवा त्याच्या भागाला एक दिवस असा हिशेब आहे. अंतर ९५० किलोमीटर असेल तर पाच दिवस. क्रॉसिंगला गाडी बदलली की भाग ‘बी’ मध्ये नवा क्रमांक घालावा लागतो. हे ट्रान्सपोर्टचे काम असले तरी ते झाले का, हे पाहण्याची सवय ठेवावी. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच अवधीत ती वाढवून घेता येते. चुकीचे बिल रद्द करायला चोवीस तास मिळतात. गाडीच्या क्रमांकातला एक अंक चुकल्यामुळे रात्री अडीच वाजता सीमेजवळून आलेला ड्रायव्हरचा फोन मी घेतलेला आहे. तेव्हापासून आरसी पुस्तक समोर धरूनच क्रमांक घालण्याचा नियम मी कधी मोडला नाही.

थांबलेली गाडी आणि उतरवलेला माल

गाडी पोहोचली, परंतु घेणाऱ्याच्या दारात दोन दिवस उभी राहिली, तर गाडीमालक ‘हॉल्टिंग’ मागतो. कंपन्यांच्या करारांत त्यालाच ‘डिटेन्शन’ म्हणतात. किती तास मोफत, त्यानंतर दिवसाला किती आणि ते कोणी द्यायचे, हे आधी ठरलेले नसेल तर तिन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ड्रायव्हर गाडीखाली चूल मांडून बसतो. पार्ट लोडचा माल गोदामात आल्यावर ठरलेल्या दिवसांत सोडवला नाही, तर जो आकार लागतो तो ‘डेमरेज’. तसेच ‘गोडाऊन डिलिव्हरी’ आणि ‘डोअर डिलिव्हरी’ यांतला फरक बिल्टीवरच स्पष्ट असू द्यावा. पहिल्यात घेणाऱ्याने स्वतः जाऊन माल आणायचा असतो.

भरण्या-उतरवण्याच्या मजुरीला हमाली म्हणतात, आणि बाजार समित्यांच्या पट्टीवर हमालीबरोबर तोलाई आणि वाराई हे शब्दही दिसतात. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांसाठी १९६९ सालचा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या चळवळीतून तो आला, आणि जेथे माथाडी मंडळ लागू आहे तेथे मजुरीबरोबर त्यावरची लेव्हीही, म्हणजे मंडळाने ठरवलेली जादा आकारणीही, मंडळात भरावी लागते. उतरवण्याची मजुरी ड्रायव्हरच्या खिशातून काढण्याची प्रथा मात्र अन्यायाची आहे. वाहतूकदारांच्या संघटना ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ असे जे म्हणतात ते मला पूर्णपणे पटते. भाडे ठरवतानाच ‘हमाली दोन्हीकडची पार्टीची’ असे लिहून टाकावे.

पोच

माल मिळाल्याची सही-शिक्क्यासह परत येणारी बिल्टीची प्रत म्हणजे ‘पोच’. कंपन्यांत तिला पीओडी म्हणतात. गाडीमालकाला भाड्याचा मोठा भाग अ‍ॅडव्हान्स मिळतो आणि उरलेले ‘बॅलन्स’ पोच आल्यावर मिळते, त्यामुळे पोच लवकर यावी अशी त्याचीही इच्छा असते. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने पोचेवरची सही महत्त्वाची आहेच. परंतु त्या सहीशेजारी काही लिहिले आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

एकदा आम्ही दक्षिणेकडील एका कारखान्याला चाळीस लाकडी पेट्या पार्ट लोडने पाठवल्या. तेथील स्टोअरच्या माणसाने दुपारच्या घाईत गोल शिक्का उठवून सही केली. चार दिवसांनी फोन आला : एकोणचाळीसच पेट्या आहेत आणि दोन भिजलेल्या आहेत. आम्ही ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात गेलो, तेव्हा त्यांनी पोचेची प्रत समोर ठेवली. निळ्या शाईचा शिक्का, त्यावर तिरकी सही, खाली तारीख आणि शेऱ्याची जागा कोरी. अशा पोचेला ‘क्लीन’ पोच म्हणतात आणि तिचा अर्थ असा धरला जातो की चाळीस नग चांगल्या स्थितीत मिळाले. ती भरपाई आम्हाला मिळाली नाही. तेव्हापासून प्रत्येक घेणाऱ्याला माल निघतानाच संदेश जातो : नग मोजूनच सही करावी, कमी, फुटका किंवा ओला नग असेल तर संख्येसह शेरा लिहावा आणि ड्रायव्हरची त्यावर सही घ्यावी, गाडीतच छायाचित्र काढावे. ‘दोन नग ओले, एक नग कमी’ हे पाच-सहा शब्द पुढच्या प्रत्येक दाव्याचा पाया असतात, कारण विमा कंपनीचा सर्वेक्षकही सर्वांत आधी तेच मागतो.

दावा करायचा असल्यास वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यासाठी माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांची मुदत आहे. ती नुकसान कळल्यापासून किंवा माल पोहोचल्यापासून मोजली जात नाही. विमा कंपनीकडे दावा केला आहे म्हणून ही नोटीस टाळू नये. वाहतूकदाराविरुद्धचा आपला हक्क जिवंत ठेवणे ही विमा कंपनीचीही अट असते.

न्हावाशेवा बंदराकडे जाणारा माल

निर्यातीला निघालेल्या कास्टिंगच्या पेट्या कंटेनरमध्ये भरल्या की शब्द बदलतात, आणि काही जुने शब्द वेगळ्या अर्थाने परत येतात. पूर्ण कंटेनर आपला असेल तर एफसीएल, इतरांबरोबर जागा वाटून घेतली तर एलसीएल. म्हणजे फुल लोड आणि पार्ट लोडच. वीस फुटी कंटेनर हे मोजण्याचे एकक असून त्याला टीईयू म्हणतात. चाळीस फुटी म्हणजे दोन टीईयू. नाशिकची द्राक्षे ज्यातून जातात तो शीतकंटेनर म्हणजे रीफर. एलसीएलचा माल बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामात, एकत्र भरला जातो. १ जुलै २०१६ पासून जगभर असा नियम आहे की भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवला जात नाही. काट्याची पावती येथे पुन्हा उपयोगी पडते.

डेमरेज आणि डिटेन्शन हे शब्द येथे फार गोंधळ घालतात. आयात केलेला भरला कंटेनर मोफत दिवसांपेक्षा जास्त काळ बंदरातच पडून राहिला, तर डेमरेज लागते. तो बाहेर काढल्यावर रिकामा करून परत द्यायला उशीर झाला, तर शिपिंग लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, डिटेन्शन लागते. शिरोलीत डिटेन्शन म्हणजे थांबलेल्या ट्रकचे पैसे आणि न्हावाशेवात अडवून ठेवलेल्या डब्याचे. बिलात हा शब्द दिसला की कोणाचे बिल आहे ते आधी पाहावे.

शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग यांचीही अशीच अदलाबदल होते. शिपिंग बिल हा निर्यातदाराने कस्टम्सला द्यायचा अर्ज आहे आणि तो कस्टम्स ब्रोकर भरतो. बिल ऑफ लेडिंग शिपिंग लाइन देते; ती समुद्रमार्गाने जाणाऱ्या मालाची बिल्टीच.

किंमत कळवताना वापरले जाणारे एक्सवर्क्स (माल कारखान्याच्या दारातच सोपवायचा), एफओबी, सीआयएफ हे शब्द इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या इनकोटर्म्सपैकी, म्हणजे खर्च व जोखीम कोणाची हे सांगणाऱ्या विक्रीच्या अटींपैकी, आहेत. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तीत अकरा अटी आहेत. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची असते. सीआयएफमध्ये विकणारा परदेशी बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा भरतो. परंतु जोखीम मात्र जहाजावर माल चढताच खरेदीदाराकडे जाते. पैसे एका ठिकाणापर्यंत आणि जोखीम दुसऱ्या ठिकाणापर्यंत, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. कंटेनरच्या मालासाठी एफओबीपेक्षा एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम खरेदीदाराकडे जाणारी, ही अट अधिक योग्य आहे, कारण कंटेनर बंदरात सोपवल्यानंतर जहाजावर चढेपर्यंत दोन-चार दिवस जातात आणि त्या काळात त्यावर विकणाऱ्याचे काहीच नियंत्रण नसते. तरीही आपल्याकडे सवयीने एफओबीच लिहिले जाते. निदान त्या दिवसांचा विमा आपल्या पॉलिसीत येतो का, हे तपासून घ्यावे.

आणि बिल ऑफ लेडिंग हाती आल्यावर त्याच्या मूळ प्रती मोजाव्यात. त्या बहुधा तीन असतात, आणि त्यांपैकी एकीवरही माल सोडवता येतो. बँकेतून जाणाऱ्या ‘सेल्फ’ बिल्टीचेच हे समुद्रावरचे भावंड आहे. खरेदीदार फोनवर कितीही आर्जवाने सांगत असला, तरी त्याचे पैसे येण्याआधी एकही मूळ प्रत थेट त्याच्या पत्त्यावर कुरिअर करू नये. तिन्ही प्रती बँकेच्याच हवाली कराव्यात.